नळ स्टॉपजवळच्या गल्लीतील आमचे साधे निवास : मुक्कामापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एरंडवण्यात, कर्वे रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमच्या बारा खोल्या आहेत. एका बाजूला सोसायटी, दुसऱ्या बाजूला जुना बंगला आणि समोर दवाखाना, अशा राहत्या वस्तीत हे निवास आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक पुणे पाहायला येतात. बहुतेकांचे कोणी तरी रुग्णालयात असते, कोणाची परीक्षा असते, कोणाला लग्नाला जायचे असते, तर कोणी जुन्या पोथ्या आणि दप्तरे चाळण्यासाठी आठवडाभर राहतात. फोनवर पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. जे आमच्याकडे नाही तेही स्पष्ट लिहिले आहे, कारण रात्री अकरा वाजता पिशव्या घेऊन दारात उभे राहिल्यावर ते कळण्यापेक्षा घरून निघण्यापूर्वी कळलेले केव्हाही बरे.

हे हॉटेल आहे की लॉज? येथे जेवण मिळते का?

मराठीत हॉटेल म्हटले की चहा-नाश्ता मिळण्याची जागा डोळ्यांसमोर येते आणि राहण्याच्या जागेला आपण लॉज म्हणतो. त्या अर्थाने हे लॉज आहे. सकाळी सात ते साडेनऊ या वेळात चहा, कॉफी आणि पोहे किंवा उपमा यांपैकी एक पदार्थ मिळतो. दुपारचे व रात्रीचे जेवण येथे होत नाही. त्याची सोय कोठे होते, हे पुढे लिहिले आहे.

खोलीत नेमके काय असते?

दोन माणसांची खाट, स्वच्छ चादरी, पंखा, कपाट, टेबल-खुर्ची, आरसा आणि खोलीला जोडलेले स्वच्छतागृह एवढे प्रत्येक खोलीत असते. बारापैकी सहा खोल्यांत एसी आहे. तिसरे माणूस असल्यास जादा गादी जमिनीवर घालून दिली जाते. खोल्या मोठ्या नाहीत. दोन मोठ्या बॅगा उघडल्यावर चालायला जेमतेम वाट उरते, म्हणून चार जणांच्या कुटुंबाने एका खोलीत राहण्याचा आग्रह धरू नये, असे आम्ही आपणहून सांगतो. वायफाय आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे आकारले जात नाहीत.

एसी घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे वर्षातील बराच काळ रात्री पंख्यावर भागते. मात्र मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. त्या दिवसांत पहिल्या मजल्यावरची खोली मागून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत उलट परिस्थिती असते. तेव्हा आम्ही प्रत्येकाला दोन पांघरुणे देतो, तरीही आजारी किंवा वृद्ध माणसासाठी स्वेटर आणि कानटोपी सोबत आणावी.

लिफ्ट आहे का?

नाही. इमारत तीन मजली आहे आणि जिना अरुंद आहे. तळमजल्यावर दोन खोल्या असून त्या आम्ही गुडघेदुखीचा त्रास असणाऱ्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या आणि गरोदर पाहुण्यांसाठी शक्यतो राखून ठेवतो. त्यासाठी खोली ठरवताना कारण सांगावे. दारात आल्यावर सांगितले, तर त्या खोलीत आधीच उतरलेल्या माणसाला हलवणे आम्हाला शक्य होत नाही. तळमजल्यावरच्या दोन्ही स्वच्छतागृहांत पाश्चात्त्य पद्धतीचे कमोड आणि धरण्यासाठी भिंतीत दांडी बसवलेली आहे.

पुणे स्टेशन, स्वारगेट किंवा विमानतळावरून कसे यावे?

पुणे रेल्वे स्थानकावरून मेट्रो हा सर्वांत सोपा मार्ग आहे. वनाझ ते रामवाडी या मार्गावरची वनाझकडे जाणारी गाडी पकडावी आणि गाडी न बदलता नळ स्टॉप स्थानकावर उतरावे. तेथून आमची गल्ली चालत आठ-दहा मिनिटांवर आहे. मेट्रो सकाळी सहा ते रात्री अकरा या वेळात धावते, त्यामुळे पहाटेच्या गाडीने येणाऱ्यांना रिक्षाच करावी लागते. विमानतळ लोहगावला आहे. तेथून रामवाडी स्थानकापर्यंत बस किंवा रिक्षाने आल्यास पुढे थेट नळ स्टॉपपर्यंत मेट्रो मिळते.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून येणाऱ्या एसटी गाड्या स्वारगेटला येतात. स्वारगेटलाही २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो आहे, पण तेथून येताना जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी लागते. सामान किंवा आजारी माणूस सोबत असेल तर हा खटाटोप करू नये. म्हात्रे पुलावरून रिक्षाने सरळ यावे. नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या बाजूने येणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. शिवाजीनगरचे जुने एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवण्यात आले आहे. अनेक वर्षांनी पुण्यात येणारी वडीलधारी मंडळी अजूनही जुन्या स्थानकाच्या खुणा मनात धरून उतरतात आणि गोंधळतात.

गल्ली शोधताना नुसता घर क्रमांक उपयोगी पडत नाही. हा अनुभव साऱ्या जुन्या पुण्यात येतो. सदाशिव पेठेसारख्या भागात तर लगतच्या दोन घरांचे क्रमांकही एकमेकांच्या मागेपुढे असतातच असे नाही, आणि पत्ता सांगणारा माणूस पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर अशा देवळांच्याच खुणा देतो. आम्ही फोनवर गल्लीच्या तोंडाची खूण सांगतो आणि नकाशावरची अचूक जागा पाठवतो. रिक्षावाल्यांना ‘नळ स्टॉप’ एवढे सांगितले की पुरते.

रात्री उशिरा किंवा पहाटे पोहोचलो तर दार उघडले जाईल का?

उघडले जाईल, पण तसे आधी कळवावे. रात्री अकरानंतर बाहेरचे फाटक बंद होते आणि एकच माणूस आत असतो. फाटकापाशी आल्यावर रिक्षाचा हॉर्न वाजवू नये, हाका मारू नयेत, फक्त फोन करावा. शेजारच्या बंगल्यात ऐंशीच्या पुढचे एक जोडपे राहते आणि रात्री मोडलेली झोप त्या वयात पुन्हा लागत नाही.

आमच्याकडे चोवीस तासांचा हिशेब आहे. पहाटे पाचला खोली घेतली, तर ती दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत आपली असते. मात्र पहाटे पाचला खोली सोडणे सहसा कोणालाच सोयीचे नसते, म्हणून खोली रिकामी असल्यास सकाळी नऊपर्यंत जादा पैसे न घेता थांबू देतो. खोली त्याच सकाळी दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर ते आदल्या संध्याकाळीच सांगितले जाते.

कोणते ओळखपत्र लागते? आधार कार्डाची प्रत द्यावीच लागते का?

खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र व पत्ता असलेले ओळखपत्र लागते. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा आधार यांपैकी कोणतेही चालते. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते एकटे पुरत नाही. नाव, पत्ता, कोठून आलात आणि कोठे जाणार, याची नोंद रजिस्टरात करून सही घेतली जाते आणि पोलिसांनी मागितल्यास ते रजिस्टर दाखवावे लागते.

आधार द्यायचे असल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत आणावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेता येते आणि आम्हाला ती पूर्णपणे चालते. झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि ‘फक्त निवासासाठी’ असे शब्द आडवे लिहून सही करावी. ही सवय आमच्याकडेच नव्हे, तर जेथे जेथे आपण ओळखपत्राची प्रत देता तेथे पाळावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कागद एकदा हातातून गेला की तो कोणत्या कपाटात आणि किती वर्षे पडून राहील, याची खात्री कोणालाच देता येत नाही.

परदेशी पाहुण्यांची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. ती ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात. परदेशात स्थायिक झालेली आणि तेथील नागरिकत्व घेतलेली मुले आईवडिलांच्या आजारपणात येतात, तेव्हा मराठी बोलणाऱ्या माणसालाही ही नोंद लागू होते, हे त्यांच्या ध्यानात नसते.

पुण्याचाच पत्ता असलेल्यांना किंवा लग्न न झालेल्या जोडप्याला खोली मिळते का?

मिळते. दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही. दोघांची मूळ ओळखपत्रे पाहिल्यावर आम्ही अधिक चौकशी करत नाही. स्थानिक पत्त्याबद्दलही तसेच. घराचे रंगकाम चालू असते, घरी पाहुणे मावत नाहीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याचे वडील येथील रुग्णालयात असतात, आणि अशा माणसाला केवळ पत्ता पुण्याचा आहे म्हणून परत पाठवणे आम्हाला पटत नाही. काही ठिकाणी मात्र स्थानिक पत्त्यावर खोली नाकारण्याचा त्यांचा स्वतःचा नियम असतो, म्हणून इतरत्र जाणार असाल तर आधी फोन करून विचारावे.

एकट्या महिलेसाठी जागा सुरक्षित आहे का?

प्रत्येक खोलीला आतून कडी आणि बोल्ट अशी दुहेरी व्यवस्था आहे, जिन्यात रात्रभर दिवा असतो आणि प्रवेशद्वारी व जिन्यात कॅमेरे आहेत. खोल्यांच्या आत कोठेही कॅमेरा नाही. साफसफाईसाठी सकाळी दोन मावशी येतात. एकटी महिला राहत असेल तर त्या असतानाच खोलीची स्वच्छता होते. आपल्या खोलीचा क्रमांक आम्ही भेटायला आलेल्या कोणालाही सांगत नाही. आधी आपल्याला फोन करून विचारतो आणि आपण होकार दिला तरच भेटणाऱ्याला खालच्या बैठकीत बसवतो.

रुग्णासोबत आलो आहोत. किती दिवस लागतील हे माहीत नाही. खोली कशी ठरवावी?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक येतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत. एरंडवण्यातील दीनानाथ मंगेशकर रुग्णालय आमच्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि सदाशिव पेठेतील पूना हॉस्पिटल रिक्षाने जवळ पडते. रुग्ण ससून, जहांगीर किंवा रुबी हॉल येथे असेल, तर मात्र आमच्याकडे राहण्यापेक्षा पुणे स्टेशनच्या परिसरात जागा पाहावी. मेट्रो असली तरी रात्री दोन वाजता रुग्णालयातून बोलावणे आले, तर सहा-सात किलोमीटरचे अंतर फार मोठे वाटते.

दिवस निश्चित नसतील तर आधी तीन दिवसांसाठी खोली घ्यावी आणि रोज संध्याकाळी सहापर्यंत पुढच्या दिवसाचे सांगावे. रुग्णाच्या कारणाने मुक्काम लवकर संपला, तर न राहिलेल्या दिवसांचे पैसे आम्ही पूर्ण परत करतो आणि त्यासाठी कोणताही कागद मागत नाही. मुक्काम वाढला आणि खोली पुढे दुसऱ्या कोणी घेतलेली असली, तर आधी आमच्याच दुसऱ्या खोलीत आणि तेही न जमल्यास ओळखीच्या दुसऱ्या निवासात सोय लावून देण्याचा आम्ही प्रयत्न करतो.

खोली घेण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात एकदा अवश्य विचारावे. अनेक रुग्णालयांच्या आवारात किंवा जवळपास विश्वस्त संस्थांच्या धर्मशाळा असतात आणि दीर्घ मुक्कामासाठी त्या आमच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. औषधोपचाराचाच खर्च डोईजड होत असताना राहण्याचे पैसे वाचवता येत असतील, तर ते वाचवावेत. हे सांगितल्यामुळे आमच्या खोल्या रिकाम्या राहतील, अशी भीती आम्हाला वाटत नाही.

रुग्णाजवळ रात्री एकालाच थांबता येते, त्यामुळे घरची दोन-तीन माणसे पाळीपाळीने झोपायला येतात. एका खोलीची दोन जणांची मर्यादा अशा वेळी आम्ही माणसे मोजून लावत नाही. एका वेळी खोलीत किती जण झोपतात, एवढेच पाहतो. मात्र येणाऱ्या प्रत्येकाचे नाव रजिस्टरात असलेच पाहिजे. किरणोपचारासारखे उपचार रोज घ्यावे लागतात आणि ते कित्येक आठवडे चालतात. अशा वेळी गावाकडून रोज ये-जा करण्याऐवजी येथे राहणाऱ्यांसाठी महिन्याचा वेगळा दर आहे, तो फोनवर विचारावा.

औषधांसाठी कार्यालयात एक छोटा फ्रिज ठेवलेला आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते प्रवासात थर्मासमध्ये बर्फाला चिकटून गोठले, तर वापरता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. पिशवीवर नाव आणि खोलीचा क्रमांक लिहून द्यावा, म्हणजे रात्रीचा माणूसही ती लगेच काढून देऊ शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेले आहेत.

एक गोष्ट आणखी. वाईट बातमी आली, तर त्या रात्री खोलीचा हिशेब करत बसू नये. सामान तसेच ठेवून निघावे. आम्ही ते बांधून ठेवतो आणि नंतर कोणाच्या हाती द्यायचे ते फोनवर विचारतो.

खोलीत स्वयंपाक करता येईल का?

नाही. शेगडी, इंडक्शन आणि पाणी तापवायची कॉइल यांना खोलीत परवानगी नाही. इमारतीची वीजजोडणी तेवढा भार पेलणारी नाही. काही वर्षांपूर्वी एका खोलीत कॉइल बादलीत तशीच चालू राहिली, बादली वितळली आणि धुराने तो मजला भरून गेला. कोणाला इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून हा नियम आम्ही कोणासाठीही शिथिल केलेला नाही. रुग्णासाठी भाताची पेज, मुगाचे पाणी किंवा मऊ भात लागत असेल, तर तो आमच्या स्वयंपाकघरात करून डब्यात भरून देतो. त्यासाठी दोन तास आधी सांगावे. बाळाचे दूध कोमट करून देणे किंवा बाटल्या उकळून देणे कोणत्याही वेळी होते.

मग जेवणाची सोय कोठे होईल?

कर्वे रस्त्यावर आणि आतल्या गल्ल्यांत थाळी देणाऱ्या खानावळी, पोळी-भाजी केंद्रे आणि चहाची अमृततुल्ये पुष्कळ आहेत. पोळी-भाजी केंद्रातून दोन पोळ्या, भाजी आणि आमटी बांधून आणली की दोघांचे साधे जेवण थाळीपेक्षा कमी पैशांत होते. खोलीत जेवायला आम्ही ताटे आणि चमचे देतो. दोन गोष्टींची आधीच तजवीज करावी. रविवारी संध्याकाळी बऱ्याच खानावळी बंद असतात, आणि रोज दुपारी एक ते चार या वेळात या भागातील काही दुकाने विश्रांतीसाठी दार ओढून घेतात. नव्या माणसाला याचे नवल वाटते, पण सकाळी लवकर उघडून रात्रीपर्यंत दुकानात स्वतः उभे राहणाऱ्या कुटुंबांची ती हक्काची विश्रांती आहे, असे आम्ही मानतो.

गरम पाणी चोवीस तास असते का?

नाही. छपरावर सोलर आहे आणि सकाळी सहा ते साडेनऊ या वेळात गरम पाणी येते. नळ सोडल्यावर पाइपातले गार पाणी निघून जायला एक-दोन मिनिटे लागतात. ते पाणी बादलीत धरून ठेवावे आणि विसणाला वापरावे. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस असले की सोलर तापत नाही. तेव्हा खालच्या गिझरवरून प्रत्येकी एक बादली पाणी खोलीत पोहोचवले जाते.

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून पाणी मिळते आणि महापालिकेचा पुरवठा बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळीच होतो. देखभालीच्या कामासाठी एखाद्या गुरुवारी शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा दिवसभर बंद ठेवला जातो आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येते. आमची टाकी एक दिवस पुरते. त्या दिवशी शॉवर बंद ठेवून बादलीने अंघोळ करण्याची विनंती आम्ही करतो आणि कपडे धुणे दुसऱ्या दिवसावर ढकलण्यास सांगतो. पिण्याचे पाणी प्रत्येक मजल्यावरच्या शुद्धीकरण यंत्रातून भरून घ्यावे.

परिसर शांत आहे का?

वाहनांच्या दृष्टीने शांत आहे, कारण गल्ली पुढे बंद होते. तरीही राहत्या वस्तीचे आवाज असतातच आणि ते पहाटे पाचपासून सुरू होतात. दूध आणि वर्तमानपत्रे येतात, टाकीत पाणी चढवणारे पंप चालू होतात, कचरा गोळा करणाऱ्या ताई ओला आणि सुका वेगळा करून घेत दारोदार जातात, आणि सातच्या सुमारास चहूकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. ज्यांना सकाळी उशिरापर्यंत झोपायचे असेल त्यांनी मागच्या बाजूची खोली मागावी.

आपल्या बाजूने मात्र रात्री दहानंतर पूर्ण शांतता पाळावी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागातील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. गॅलरीत उभे राहून मोठ्याने फोनवर बोलले, तरी समोरच्या घरात शब्दन्‌शब्द ऐकू जातो. लग्नाला आलेली मंडळी बऱ्याच वर्षांनी एकत्र भेटतात, गप्पा रंगतात, ते आम्हाला समजते. त्यांच्यासाठी तळमजल्यावरची बैठक साडेअकरापर्यंत खुली असते आणि तिची खिडकी शेजाऱ्यांच्या बाजूला नाही. या गल्लीतल्या लोकांनी आम्हाला इतकी वर्षे सांभाळून घेतले आहे. आजवर आमच्याविरुद्ध कोठेही तक्रार गेलेली नाही, आणि आमच्या पाहुण्यांमुळे ती कधी जाऊ नये, यासाठी आम्ही फार जपतो.

गणेशोत्सवात किंवा पालखीच्या दिवसांत राहायला यावे का?

उत्सव पाहायला येत असाल तर जरूर यावे, पण दवाखान्याचे किंवा कार्यालयीन काम त्या दिवसांत शक्यतो ठेवू नये. अनंत चतुर्दशीला कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा या मानाच्या पाच गणपतींनी मिरवणूक सुरू होते आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही चालते. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर हे रस्ते वाहनांसाठी बंद असतात. टिळक चौक आणि लकडी पुलाच्या परिसरात तर चालणेही कठीण होते. एरंडवणे या मध्यवस्तीच्या बाहेर असल्याने रात्री परतायला आमच्याकडची जागा सोयीची पडते. ढोल-ताशा जवळून ऐकवत नाही, अशा लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी हे अंतर उपकारकच ठरते.

पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. ज्ञानेश्वर महाराजांची भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत. वारकऱ्यांसोबत पहाटे निघायचे असेल, तर आमच्याकडून तेथे जाण्यासाठी पहाटे वाहन मिळणे अवघड असते, म्हणून त्या पेठांतच मुक्काम करावा. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवासाठी येणाऱ्यांनी मात्र महिनाभर आधी फोन करावा. दरवर्षी तीच मंडळी त्याच खोल्या मागतात.

गाडी कोठे लावावी?

आवारात फक्त तीन चारचाकी आणि दहा-बारा दुचाकी मावतात. जागा आधी सांगणाऱ्याला मिळते. बाहेर लावायची झाल्यास पी-१ आणि पी-२ या पाट्या नीट पाहाव्यात. सम आणि विषम तारखांना रस्त्याच्या वेगवेगळ्या बाजूंना वाहने लावण्याची ही पद्धत आहे. रात्री बरोबर लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर तारीख बदलल्यामुळे सकाळी चुकीच्या बाजूला ठरते आणि तिला जॅमर लागतो. शेजाऱ्यांच्या फाटकासमोर पाच मिनिटांसाठीसुद्धा गाडी लावू नये. वऱ्हाडाची मोठी बस गल्लीत वळत नाही, ती कर्वे रस्त्यावर थांबवून सामान चालत आणावे लागते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल बंद होतात, तेथे गाडी लावून येण्याचा विचार करू नये.

परीक्षेसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना एकेक खाट मिळते का?

कॉट बेसिसवर जागा देण्याची पद्धत सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांत आहे आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली तेथे महिन्याच्या हिशेबाने राहतात. आमच्याकडे पूर्ण खोलीच घ्यावी लागते. दोघांनी मिळून घेतल्यास ती परवडते. खोली ठरवण्यापूर्वी प्रवेशपत्रावरचे केंद्र नीट पाहावे. केंद्र हडपसर, वाघोली किंवा हिंजवडीला असेल, तर सकाळच्या गर्दीत येथून वेळेवर पोहोचण्याची हमी देता येत नाही, म्हणून त्याच बाजूला राहावे. परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेपाचपासून चहा-पोहे तयार असतात, फक्त आदल्या रात्री सांगून ठेवावे.

संशोधनासाठी येणाऱ्यांना आमची जागा सोयीची आहे. १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था लॉ कॉलेज रस्त्यावर चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि १९१० सालचे भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. दोन्ही ठिकाणच्या कामकाजाच्या वेळा आणि सुट्या आधी विचारून मगच दिवस ठरवावेत. या पाहुण्यांसाठी आम्ही दोन खोल्यांत मोठे टेबल आणि चांगला दिवा मुद्दाम ठेवला आहे.

दरावर कर लागतो का? ॲपवरचा दर वेगळा का दिसतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी तो १२ टक्के होता. आम्ही फोनवर सांगतो तो दर करासह असतो आणि निघताना त्यात काहीही वाढ होत नाही. ॲपवरून खोली घेतल्यास त्यांचे कमिशन त्यात धरलेले असते, म्हणून शक्यतो थेट फोन करावा. पावती प्रत्येकाला मिळते. कार्यालयाकडून खर्च परत मिळणार असल्यास तिच्यावर कोणते नाव हवे, ते आधी सांगावे.

धूम्रपान आणि मद्यपान चालते का?

दोन्ही चालत नाही. तीस किंवा अधिक खोल्या असलेल्या हॉटेलांनाच कायद्याने धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. आमच्या बारा खोल्यांत तशी जागा नाही, गच्चीवरही नाही.

आग लागल्यास काय व्यवस्था आहे?

प्रत्येक मजल्यावर अग्निशामक नळकांडी आहेत आणि मागच्या बाजूला लोखंडी जिना आहे. महाराष्ट्रातील २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये या यंत्रणेची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले आहे. आल्याबरोबर मागच्या जिन्याचे दार एकदा स्वतः उघडून पाहावे. आमच्याकडेच नव्हे, कोठेही राहताना हे करावे.

खोलीत एखादी वस्तू विसरली तर?

खोली सोडल्यावर अर्ध्या तासाच्या आत मावशी उशांखाली, खाटेखाली आणि दाराच्या मागच्या खुंटीवर पाहतात. सापडलेल्या वस्तूला तारीख आणि खोलीचा क्रमांक लावून ती कपाटात ठेवली जाते आणि त्याच दिवशी फोन केला जातो. चार्जर, चष्मे आणि टॉवेल सर्वाधिक राहतात. ते टपालाने पाठवतो, त्याचा खर्च आपण द्यावा. कवळी, श्रवणयंत्र आणि रुग्णालयाची फाईल राहिली, तर मात्र फोनची वाट न पाहता आमचा माणूस स्थानकापर्यंत किंवा रुग्णालयापर्यंत घेऊन निघतो, म्हणून रजिस्टरात लिहिलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवावा.